पाणीवाली बाई आणि आपला आजचा नगरसेवक: लोकप्रतिनिधीकडे आपण मागायचं तरी काय?

आरेरोड

आईचं सामान आवरताना परवा एक थाळी हाताला लागली. स्टीलची, जाड काठाची. पाठीवर बोटभर लांबीचे पंधरा-वीस पोचे. भाऊ म्हणाला, भंगारात टाकू. मी पिशवीत घालून घरी आणली. ते पोचे लाटण्याचे आहेत.

१९७२-७३ च्या दुष्काळात आणि महागाईत मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, पण रॉकेल आणि गोडेतेल दोघींच्या मतदारांना सारखंच मिळत नव्हतं. बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, थाळ्या बडवल्या. आमच्या गोरेगावातून गेलेल्यांत माझी आई होती. चौथी शिकलेली. आयुष्यातला पहिला अर्ज तिने त्या दिवसांत लिहिला, रेशनच्या दुकानाबद्दलचा. तो लिहायला तिला दोन रात्री लागल्या, हे ती शेवटपर्यंत अभिमानाने सांगायची.

नवीन मंडळींसाठी थोडं. मृणालताईंचा जन्म १९२८ चा. राष्ट्र सेवा दलाच्या कामापायी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडलं. पती केशव तथा बंडू गोरे १९५८ मध्ये गेले. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या. जोगेश्वरीपासून दहिसरपर्यंतचा आमचा पट्टा पालिकेत येऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. वस्ती वाढत होती आणि नळाला पाणी नव्हतं. हंडे घेऊन बायका पालिकेवर जायच्या, पुढे ताई असायच्या. 'पाणीवाली बाई' हे नाव तिथून पडलं. १९७२ ला त्या आमदार झाल्या, आणीबाणीत आधी भूमिगत आणि मग तुरुंगात, १९७७ ला उत्तर मुंबईतून लोकसभेत. 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई (म्हणजे इंदिरा गांधी) पाण्यात' ही घोषणा आमच्या गल्लीत पोरं खेळताना म्हणायची. पुढे ताईंच्या पुढाकाराने दिंडोशीला नागरी निवारा परिषदेची घरं झाली. शहरात कुणी किती जमीन ठेवायची याची हद्द घालणारा, कमाल जमीन धारणेचा १९७६ चा कायदा कागदावरच होता. त्याचा आधार घेऊन, कोर्टात लढून, साध्या पगारदार माणसांसाठी सहा हजारांवर घरं उभी राहिली. १९८५ नंतर विधानसभेत असताना गर्भलिंग चाचणीच्या विरोधात त्यांनी आवाज उठवला, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने त्याविरुद्ध कायदा केला. देशात असा कायदा करणारं ते पहिलं राज्य.

हा धागा मात्र श्रद्धांजलीसाठी काढलेला नाही. आमच्या सोसायटीच्या तोंडाशी सध्या एक फलक आहे. 'कार्यसम्राट यांच्या प्रयत्नाने बाकडे.' दोन बाकड्यांसाठी बाकड्यांपेक्षा मोठा फलक. त्याखाली उभी असताना माझ्या मनात आलं की आईच्या नळावर कुणाचं नाव नव्हतं. नळ आईने मिळवला होता, आणि म्हणून चार वर्षांनी गटार तुंबलं तेव्हा तिला कुणाच्या दारात जावं लागलं नाही. ती सरळ वॉर्ड ऑफिसात गेली.

मृणालताईंचं सगळ्यात मोठं काम मला हेच वाटतं. त्यांनी माझ्या आईला वॉर्ड ऑफिसचा जिना चढायला शिकवलं. असं काम करणारा लोकप्रतिनिधी तुमच्या भागात आहे का, होता का? आपण मतं देताना ते बघतो का? मनापासून लिहा.

---

माणदेशी

ताई, थाळीचा फोटो टाका जमलं तर.

आमच्याकडचं सांगतो. सांगोला. गणपतराव देशमुख, आम्ही आबासाहेब म्हणायचो. अकरा वेळा आमदार, एकच पक्ष शेकाप, एकच मतदारसंघ. १९६२ ला पहिल्यांदा, २०१४ ला शेवटचं. मध्ये दोनदा पडलेसुद्धा. एसटीने विधानभवनात जायचे हे पेपरात नेहमी यायचं. पण आम्हाला त्याचं फार अप्रूप नव्हतं, कारण आम्हीही एसटीनेच जायचो. अप्रूप होतं ते आटपाडीच्या पाणी परिषदेचं.

१९९३ पासून दरवर्षी. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, आबासाहेब, भारत पाटणकर. तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं ट्रकने, टेम्पोने, मिळेल त्या गाडीने यायची. वडील मला घेऊन गेले होते, दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात. मी दहा-अकरा वर्षांचा. भाषणातलं काही कळत नव्हतं. पण शेजारी बसलेला एक म्हातारा बोटांवर मोजत होता, कृष्णेचं पाणी कऱ्हाडाजवळ टेंभूला उचललं तर किती टप्प्यांनी वर चढवावं लागेल आणि त्याच्या शिवारात कुठून येईल. निरक्षर माणूस आणि त्याला उपसा सिंचन योजना तोंडपाठ. आरेरोड ताई म्हणतात ते हेच असावं.

आणि मागणी काय होती? 'आमच्या तालुक्याला पाणी द्या' एवढीच नाही. समन्यायी वाटप. नदीकाठच्या उसाला बारमाही आणि आमच्या जनावरांना टँकर, हे चालणार नाही. काहींची तर मागणी होती की ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा हवा.

वडील २००६ ला गेले. आमच्या ओढ्याला पाणी त्यानंतर आलं. आता डाळिंब आहे.

---

जुना_सहायक

मी बावीस वर्षं एका आमदारांकडे स्वीय सहायक होतो. नाव आणि जिल्हा सांगणार नाही, ते हयात आहेत आणि माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण या विषयावर लिहायचा हक्क मला आहे असं वाटतं.

लोकांना वाटतं आमदाराचं काम विधानसभेत असतं. आमच्या कार्यालयात सकाळी सात वाजता माणसं यायची. दाखला, रेशनकार्ड, बदली, हॉस्पिटलातली खाट, पोलीस ठाण्यातून सोडवणं, लग्नाची पत्रिका. मी लेटरहेडवर पत्र लिहायचो, 'नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी'. साहेब सही करायचे. दिवसाला साठ-सत्तर पत्रं. पत्र घेऊन माणूस गेला की मत पक्कं.

एक प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही. एक विधवा बाई संजय गांधी निराधार योजनेसाठी चार वेळा आली. एक तर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं, नाही तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. यादीत तिचं नाव नव्हतं. तलाठ्याने उत्पन्न लिहिलं २४ हजार. खरंच लिहिलं होतं, ती खुरपणीला जायची. चौथ्या वेळी ती मला म्हणाली, "दादा, मी किती दिस कामाला जाऊ नको म्हंजे मला पैसं मिळतील तेवडं सांगा."

वर्षाला २१ हजार म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत. रोजगार हमीवर सत्तर-ऐंशी दिवस राबलेली बाई ही हद्द ओलांडते. मी काय केलं? तलाठ्याला फोन केला. दाखला २० हजारांचा झाला. बाईने साहेबांच्या पायाला हात लावला.

त्या एका फोनऐवजी माझ्या साहेबांनी अशा शंभर बायकांची नावं घेऊन विधानसभेत लक्षवेधी सूचना लावायला हवी होती. तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न विचारायला हवा होता, ही मर्यादा कधी ठरली, कशाच्या आधारावर ठरली, कधी बदलणार. मी एकदा तसं म्हणालो. साहेब म्हणाले, "मर्यादा वाढली तर आपल्याकडे कोण येईल?" ते चिडून म्हणाले नव्हते. साधं, जेवता जेवता म्हणाले होते. ते वाक्य मी आज पहिल्यांदा कुठे लिहितोय.

---

आरेरोड

जुना_सहायक, तुमची पोस्ट दोनदा वाचली. त्या बाईचं पुढे काय झालं?

---

जुना_सहायक

पेन्शन सुरू झाली. दोन वर्षांनी साहेब पडले, तेव्हा तिला कुणीतरी सांगितलं की आता बंद होणार. ती घाबरून माझ्या घरी आली. सरकारी योजना आहे, साहेबांची नाही, हे तिला पटवायला मला अर्धा तास लागला. ती चूक तिची नव्हती. आम्हीच तिला तसं शिकवलं होतं.

---

चौथा_मजला

थोडं विरोधी लिहितो, राग मानू नका.

आदर्श सांगणं सोपं आहे. मी मुंबईतच राहतो. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढे किती काळ प्रशासकच कारभार बघत होता ते सगळ्यांना ठाऊक आहे. २२७ प्रभाग आणि एकही नगरसेवक नाही. तेव्हा कळलं की बाकड्यावर नाव टाकणारा का होईना, पण फोन उचलणारा माणूस असणं म्हणजे काय. आमच्या इमारतीखाली मलवाहिनी फुटली. हेल्पलाइनवर तक्रार केली, तक्रार 'निकाली काढली' असा मेसेज आला. घाण तशीच. आठ दिवसांनी माजी नगरसेविका बाईंनी कुणाला तरी फोन केला आणि दोन तासांत माणसं आली. त्या पदावर नव्हत्या, पगार नव्हता, निधी नव्हता.

माझ्या आईला गुडघ्याचा त्रास. तिने वॉर्ड ऑफिसचा जिना चढायचा की फोन करायचा? सगळ्यांनाच मोर्चात जाता येत नाही. दोन दोन नोकऱ्या करणाऱ्या माणसाला कुणीतरी काम 'करून' दिलं तर त्यात गुलामी कुठे आली?

---

आरेरोड

राग कसला, मुद्दा खरा आहे. मृणालताईंच्या घरीही माणसं वैयक्तिक कामं घेऊन यायचीच. मी फोन करू नका म्हणत नाही. त्या माजी नगरसेविका बाईंना माझा नमस्कार सांगा. पण तक्रार न सोडवता 'निकाली' काढणाऱ्या यंत्रणेबद्दल त्या सभागृहात असताना कुणी बोललं होतं का? तुमच्या इमारतीचं काम झालं. ज्या इमारतीत त्यांचा नंबर कुणाकडे नाही तिचं काय झालं असेल?

---

चौथा_मजला

हं. शेजारच्या चाळीत तेव्हा तीन आठवडे घाण होती. हे मी वरच्या पोस्टमध्ये लिहिलं नाही, लिहायला हवं होतं.

---

पायवाट

मी एका ग्रामपंचायतीची पाच वर्षं सदस्य होते. राखीव जागेवरून, महिला आणि अनुसूचित जाती दोन्ही. इथे सगळी चर्चा आमदार-खासदारांची चालली आहे म्हणून लिहिते.

पहिल्या मासिक सभेला गेले तर खुर्च्या पुरुषांना, मला आणि दुसऱ्या बाईंना सतरंजी. दुसऱ्या बाईंचे मालक त्यांच्या जागी सही करायला आलेले. मी खाली बसले नाही, उभी राहिले. दोन तास उभी. पुढच्या महिन्यात खुर्ची होती.

आमच्या वस्तीत पाइपलाइन यायची थांबली होती शंभर फुटांवर. अक्षरशः. शेवटचं तोंड वेशीतल्या पिंपळाखाली, लाकडी खुंटी मारून बंद केलेलं. त्याला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, ती उन्हाने विरून गेली होती. लहानपणी मी त्याला रोज बघत शाळेत जायचे. निधी संपला असं सांगितलं जायचं.

मला कुणीतरी सांगितलं की पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या सोयींवर खर्च करायचे असतात, १० टक्के महिला आणि बालकल्याणावर, ५ टक्के दिव्यांगांवर. मी सभेत विचारलं, आपले पंधरा टक्के कुठे गेले? ग्रामसेवक भाऊसाहेबांनी वही काढली. चौकातला मोठा दिवा. देवळासमोरचा. म्हणाले, "तुमची माणसंही त्या उजेडातून जातात की."

मी भांडले नाही. म्हटलं, हे उत्तर प्रोसिडिंगला लिहा. ते लिहायला तयार होईनात. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तोंडी बोललेलं यांना काही करत नाही, वहीत आलेलं करतं. मग ग्रामसभेला वस्तीतल्या सगळ्या बायका आणल्या. आयाबाया, म्हाताऱ्या, कडेवर पोरं. एकेकीने उठून एकच वाक्य म्हणायचं ठरलं होतं, 'माझ्या घरी नळ नाही, हे लिहून घ्या.' एकतीस जणी होत्या. बाराव्या-तेराव्या बाईला भाऊसाहेबांनी लिहायला घेतलं.

सव्वा वर्षाने पाणी आलं. खुंटी मी ठेवली आहे, तुमच्या थाळीसारखी.

पुढच्या वेळी माझी जागा खुली झाली. मी उभी राहिले आणि पडले, अकरा मतांनी. पण आता ग्रामसभेत वस्तीच्या बायका आपणहून जातात. मला कुणी बोलवायला येत नाही. याचा कधी कधी त्रास होतो, खोटं कशाला बोलू. पण ते बरोबर आहे.

---

माणदेशी

पायवाट ताई, डोळ्यात पाणी आणलंत. अकरा मतं. एकतीस बायका. मी आकडे विसरणार नाही.

---

कलम_एकवीस

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी, कामाला येतील.

दाखले आणि परवान्यांसाठी आमदारांचं पत्र लागावं अशी मुळात गरज नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते, ती पाळली नाही तर त्याच खात्यात पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. अर्जाची पोच मात्र घ्यायचीच. पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच सिद्ध होत नाही.

दुसरं, पाणी. मुंबईत ठरावीक तारखेनंतरच्या झोपड्यांना पालिका पाणी नाकारत असे. पाणी हक्क समिती उच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०१४ मध्ये निकाल आला. झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही, तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे. दर जास्त लावता येईल, पण पाणी द्यावं लागेल. मे २०२२ मध्ये पालिकेने 'सर्वांसाठी पाणी' धोरण आणलं. मृणालताई २०१२ च्या जुलैत गेल्या, हा निकाल त्यांना बघायला मिळाला नाही. हंडे घेऊन जाणाऱ्या बायकांपासून या निकालापर्यंत पन्नास वर्षं गेली, आणि अंमलबजावणीसाठी लोक अजून खेटे घालत आहेत.

---

जुना_सहायक

सेवा हक्क कायदा आला तेव्हा मी कार्यालयातच होतो. अपिलाची माहिती देणारा कागद भिंतीवर लावू का, असं मी विचारलं होतं. लावला नाही. आता निवृत्तीनंतर आमच्या गावच्या वाचनालयात शनिवारी दोन तास बसतो. अर्ज कसा लिहायचा, पोच कशी मागायची, अपील कुठे करायचं ते सांगतो. लेटरहेड नाही, सही अर्जदाराची. आठवड्याला सात-आठ जण येतात. त्यातला एक मागच्या शनिवारी दुसऱ्याला समजावून सांगत होता, मी नुसता ऐकत बसलो.

---

तिसरी_गल्ली

मी इथे नुसती वाचत असते. पहिल्यांदा लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे गटाचा नळ आहे, बऱ्याच घरांत मिळून एक जोडणी. सेक्रेटरी महिन्याला घरटी पैसे गोळा करतो, पावती देत नाही. बिल किती येतं कुणी बघितलेलं नाही. गेल्या पावसाळ्यापासून पाणी वीस मिनिटं येतं, तेही पहाटे साडेतीनला. मुलगी दहावीला आहे, तिला मी उठवत नाही, मीच उठते. बोललं तर सेक्रेटरी म्हणतो, साहेबांना सांगून तुमचं तोडीन. निवडणुकीच्या वेळी एक जण टाकी देऊन गेला, टाकीत भरायला पाणी नाही.

आम्ही बायका जायचं म्हणतोय. पण सुरुवात कुठून करायची? आधी साहेबांकडे जावं का?

---

आरेरोड

ताई, आधी आपापसात बसा. किती घरं, कुणाला किती मिनिटं पाणी, कुणी किती पैसे दिले, एका वहीत लिहा. आठ दिवस रोज वेळ टिपा, सुरू कधी झालं, बंद कधी झालं. मग वॉर्ड ऑफिसात जलखात्याच्या सहायक अभियंत्याच्या नावे अर्ज. साहेबांकडे जायला हरकत नाही, पण अर्जाची प्रत घेऊन जा, हात जोडून नको.

---

पायवाट

आणि एकटीच्या नावाने देऊ नका. सगळ्यांच्या सह्या, ज्यांना येत नाही त्यांचे अंगठे, पुढे नाव स्पष्ट. तोडण्याची धमकी एकटीला लागू पडते. बिलाची प्रत मागा. ज्याच्या नावावर जोडणी आहे त्या गटात तुम्ही आहात, बिल बघायचा तुम्हाला अधिकार आहे.

---

कलम_एकवीस

अर्ज दोन प्रतींत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. 'ठेवून जा, बघतो' म्हणाले तर तिथून हलू नका. महिनाभर उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात त्याच आवक क्रमांकावर काय कार्यवाही केली ते विचारा. मसुदा हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, रात्री पाठवतो.

---

चौथा_मजला

तुमचा वॉर्ड कळवा. माझ्या भागातला असेल तर त्या माजी नगरसेविका बाईंना मी विचारतो. त्यांनी फोन करावा म्हणून नाही, तुमच्याबरोबर चालत याव्यात म्हणून.

---

तिसरी_गल्ली

उशिरा लिहितेय, दोन आठवडे वहीचं काम चाललं होतं.

काल वॉर्ड ऑफिसात गेलो. बावीस घरांपैकी सतरा जणी आल्या, पाच जणी घाबरल्या. वही नेली होती. शिपाई म्हणाला, दोघीच आत जा. आम्ही म्हटलं, सगळ्या जाऊ, नाही तर अभियंता साहेबांनी बाहेर यावं. ते बाहेर आले. वही हातात घेतली, पानं उलटली. पहाटे ३.३५ ते ३.५३, ३.४० ते ३.५६, अशा नोंदी. त्यांनी विचारलं, हे कुणी लिहिलं? मी म्हटलं, मी. आवाज कापत होता पण म्हटलं.

माजी नगरसेविका बाई आमच्याबरोबर आल्या होत्या, मागे उभ्या होत्या. एकदाही बोलल्या नाहीत.

शिक्का आणि आवक क्रमांक मिळाला. बुधवारी माणूस येऊन दाब मोजणार आहे. सेक्रेटरीने रात्री पहिल्यांदा बिल दाखवलं. त्यावर आम्ही देतो त्याच्या निम्मीही रक्कम नाही. त्याचं काय करायचं ते आज रात्री बसून ठरवणार आहोत, राहिलेल्या पाच जणीही येते म्हणाल्यात.